कपड्यात लघवी होणे ही लाज नव्हे, आजार आहे

विहारात वंदनेला नेहमी पुढे बसणारी एखादी आई हळूहळू यायची बंद होते. दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला निघालो की "तुम्ही जाऊन या" म्हणते. गुडघे दुखतात, असे सांगते. कधी कधी खरे कारण वेगळे असते: अचानक घाई होऊन कपड्यातच होणारी लघवी. लाजेपोटी ती हे मुलांनाही सांगत नाही, डॉक्टरांनाही नाही.

या आजारावर उपचार आहेत. आधी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, ठरावीक वेळाने लघवीला जाण्याची सवय आणि गोळ्या. त्याने भागले नाही तर पेसमेकरसारखे एक छोटे यंत्र शरीरात बसवता येते. अमेरिकेत 1997 साली अशा यंत्राला लघवीच्या तक्रारीसाठी आणि 2011 साली शौचावर ताबा नसलेल्यांसाठी मान्यता मिळाली.

मूत्राशय आणि मेंदू यांच्यातले निरोप नसांमधून जातात. ते बिघडले की मूत्राशय भलत्या वेळी आवळते. माकडहाडाच्या वरच्या हाडातून जाणाऱ्या नसेजवळ बारीक तार बसवून विजेची सौम्य स्पंदने दिली, तर हे निरोप ताळ्यावर येऊ शकतात. आधी काही दिवस तात्पुरती चाचणी घेतात. त्रास साधारण निम्म्याने कमी झाला, तरच कायमचे यंत्र कुल्ल्याच्या वरच्या भागात कातडीखाली बसवतात.

मात्र हा जादूचा उपाय नाही. खोकताना, शिंकताना लघवी गळत असेल, तर हे यंत्र त्यासाठी नाही. जंतुसंसर्ग, वेदना, तार सरकणे, पुन्हा शस्त्रक्रिया हे धोके आहेत. खर्चही मोठा आहे. सरकारी योजनेतून काय मिळते, हे रुग्णालयात आधीच विचारून घ्यावे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. जवळ कोणी नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले आणि रुग्णाची सेवा हीच आपली सेवा, असे संघाला बजावले. त्या भिक्खूला त्यांनी लाजवले नाही.

आम्ही कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे: महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय काढावा, कार्यक्रमाच्या ठिकाणी महिलांसाठी स्वच्छ शौचालयाची सोय आधी पाहावी आणि मूत्रविकारतज्ज्ञाकडे जाताना त्या आईसोबत जावे.

जय भीम! नमो बुद्धाय!