पगार दुप्पट केला, कामगार टिकले. पण कामात मन रमलं का?

१०० जागा भरलेल्या ठेवायला वर्षभरात तब्बल ३७० माणसं घ्यावी लागली तर? १९१३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉईटला लागून असलेल्या फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात साधारण हेच सुरू होतं.

कारण होतं नवी असेंब्ली लाइन. गाडीची चासी जोडायला आधी साडेबारा तास लागायचे, ते काही महिन्यांत दीड तासावर आले. मालक खूश. कामगाराच्या वाट्याला मात्र दिवसभर तोच एक नट आवळणं आलं. कौशल्य संपलं आणि वेगही पट्टाच ठरवणार. लोक दांड्या मारू लागले, कंटाळून सोडून जाऊ लागले.

५ जानेवारी १९१४ ला कंपनीने घोषणा केली: दिवसाला ५ डॉलर आणि ९ ऐवजी ८ तास काम. आधीची मजुरी होती साधारण २.३४ डॉलर! गेटबाहेर हजारोंची झुंबड उडाली. ऐन थंडीत पाण्याचे फवारे मारून गर्दी पांगवावी लागली. १९१५ पर्यंत ते ३७० टक्क्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवर आलं.

मग पैसा टाकला की मोटिव्हेशन आलं?

इथेच गल्लत होते. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंटशी बोलून १९५९ मध्ये एक फरक मांडला. पगार, साहेबाची वागणूक, कामाच्या अटी वाईट असतील तर माणूस वैतागतो. त्या सुधारल्या की वैताग जातो, बस्स. जीव ओतून काम करायला जबाबदारी, कौतुक, काहीतरी जमल्याचं समाधान लागतं. म्हणजे 'सोडून न जाणं' आणि 'मनापासून करणं' या दोन वेगळ्या गोष्टी. अनेक ऑफिसं पहिलीलाच दुसरी समजून बसतात.

फोर्डच्या ५ डॉलरलाही अट होती. त्यातली जवळपास निम्मी रक्कम 'नफ्यातला वाटा' म्हणून मिळायची आणि ती मिळवायला वागणूक 'चांगली' लागायची. कंपनीची माणसं घरी येऊन दारू, बचत, स्वच्छता तपासायची. एचआर थेट स्वयंपाकघरात!

आणि पट्टा? तो तसाच फिरत राहिला. घोषणेनंतर तीनच आठवड्यांत एका कामगाराच्या बायकोने हेन्री फोर्ड यांना निनावी पत्र लिहिलं. ५ डॉलरबद्दल तिने आभार मानले होते. पण नवरा घरी येतो तो इतका पिळून निघालेला असतो की न जेवताच आडवा होतो, हेही तिने त्याच पत्रात लिहिलं होतं.