पानं जागवणारी रात्र

चीनच्या फूज्यान प्रांतात वुयी पर्वताच्या एका घळीत, तांबूस कड्याला बिलगून सहा झुडपं उभी आहेत. शेजारच्या कातळावर तीन लाल अक्षरं कोरली आहेत : ‘दा होंग पाव’, म्हणजे मोठा लाल झगा. परीक्षेला निघालेला एक विद्यार्थी वाटेत आजारी पडला, इथल्या भिक्षूंनी त्याला चहा पाजून बरं केलं आणि पुढे पहिला आल्यावर मिळालेला मानाचा झगा त्याने या झुडपांवर पांघरला, अशी आख्यायिका आहे. २००२ मध्ये या झुडपांचा २० ग्रॅम चहा ग्वांगचौमधल्या लिलावात १ लाख ८० हजार युआनला गेला. २००६ पासून त्यांची खुडणीच बंद आहे. शेवटच्या खुडणीतला थोडा चहा बीजिंगच्या चीन राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवला आहे.

मग दुकानोदुकानी ‘दा होंग पाव’ म्हणून विकतात ते काय? काही चहा याच झुडपांच्या कलमांपासून वाढवलेल्या रोपांचा असतो. बराचसा मात्र ‘रौक्वै’, ‘श्वैश्यान’ अशा इथल्याच जातींचं मिश्रण. हे कळल्यावर आधी माझा हिरमोड झाला. एका चहा करणाऱ्याच्या घरी रात्र काढली, तेव्हा वाटलं की दुर्मीळ गोष्ट आपण भलत्याच ठिकाणी शोधत होतो.

खुडणी वर्षातून एकदाच, एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत. अरुंद घळींत, दगडी तालींवर झुडपं लावलेली. दोन्ही बाजूंच्या कड्यांमुळे ऊन मोजकंच, आणि पायाशी झिजलेल्या खडकाची भुसभुशीत माती. उत्तम चहा अशाच जमिनीत येतो, हे लू यू या पंडिताने आठव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. या आतल्या घळींत गाडीरस्ता नाही. खुडणाऱ्या बायकांच्या टोपल्या भरल्या की गडी पानं कावडीत घालून डोंगर उतरतात. त्या कावडींचं ओझं पाहिल्यावर किमतीबद्दल घासाघीस करायला माझी जीभ रेटेना.

घरधन्यांना सगळे ‘शिफू’ म्हणत, म्हणजे वस्ताद. उन्हात जरा मलूल केलेली पानं संध्याकाळी आत आली. त्यातली थोडी त्यांनी बांबूच्या मोठ्या गोल परडीत घेतली आणि परडी अशी फिरवली, की पानं लाटेसारखी वर उठून कडेकडेने एकमेकांवर आपटली. मग परडी मांडणीवर ठेवून दिली. तासाभराने पुन्हा तेच. बहुतेक माल आता बांबूच्या फिरत्या पिंपांत हलवतात, पण हलवणं आणि विसावा हा क्रम तोच. आपटून पानांच्या कडा दुखावतात आणि हवेने लालसर होतात. मधला भाग हिरवाच राहतो. दरम्यान देठातलं पाणी पात्यात सरकतं आणि मघाशी मान टाकलेलं पान पुन्हा ताठ होतं. याला इथे ‘पाणी चालणं’ म्हणतात. किती वेळ हलवायचं, हे कागदावर लिहिलेलं नाही. आभाळ बघून करा, पान बघून करा, अशी त्यांच्यात म्हण आहे. दमट हवेत पाणी उडत नाही, कोरड्यात भसकन उडतं. दोन्हीकडून चहा बिघडतो.

मधल्या वेळात शिफूंनी गेल्या वर्षीचा रौक्वै काढला. झाकणाच्या छोट्या कपात जवळजवळ पाऊण भाग पानंच, त्यावर उकळतं पाणी आणि लगेच गाळणं. पहिल्या घोटाला निखाऱ्याचा वास, तिसऱ्याला दालचिनी, आणि गिळल्यावर घशात बराच वेळ रेंगाळणारा गोडवा. निखाऱ्याचा वास खराच होता : उन्हाळ्यात हा चहा राखेखाली दाबलेल्या कोळशावर तासन्‌तास मंद शेकतात, मग त्यातली आग निवावी म्हणून महिनोन्‌महिने ठेवून देतात.

मी आमच्या ‘चहा’ या शब्दाचं मूळ त्यांच्याच ‘छा’मध्ये आहे असं सांगितलं, तेव्हा शिफू मनापासून हसले. याच डोंगरात १८४९ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ चिनी वेशात आला होता. ईस्ट इंडिया कंपनीसाठी त्याने चीनमधून बिया आणि रोपं हिमालयाच्या पायथ्याला पोचवली. सोबत चिनी कारागीरही नेले, आणि ते का न्यावे लागले हे मला त्या खोलीत बसून उमगत होतं.

मध्यरात्रीनंतर वास बदलू लागला. आधी चिरलेल्या गवताचा उग्र दर्प होता, मग कुठल्याशा पांढऱ्या फुलाचा. मला तेवढ्यावरच झाला वाटलं. शिफूंनी पानांत तोंड खुपसून हुंगलं आणि मान हलवली : अजून नाही. आणखी दोन फेऱ्या झाल्या. खोलीत सगळे गप्प होते. पहाटे त्यांनी मूठभर पानं माझ्या नाकाशी धरली. पिकल्या फळाचा वास होता, कडा लाल झाल्या होत्या आणि पानं चमच्यासारखी खोलगट वळली होती. एक क्षणही न दवडता त्यांनी मुलाला हाक मारली, आणि तापून तयार असलेल्या भट्टीत पहिली टोपली रिकामी झाली.