ओठ दिसावेत, संसर्ग टळावा

रत्नागिरीजवळ भाट्ये येथे किनाऱ्यालगतच्या घरांच्या खिडक्यांचे गज लवकर गंजतात. लाटेतील बुडबुडे फुटताना बारीक तुषार उडतात. मोठे तुषार लगेच खाली पडतात. लहान तुषारांतील पाणी मात्र हवेतच उडून जाते आणि उरलेला खारट कण वाऱ्याबरोबर घरापर्यंत येतो. बोलताना आपल्या तोंडातून उडणाऱ्या तुषारांचीही हीच गत होते. त्यांच्या उरलेल्या कणांत क्षारांबरोबर रोगजंतूही असू शकतात.

तोंडातून उडालेला १०० मायक्रॉन व्यासाचा तुषार काही सेकंदांत जमिनीवर येतो. ५ मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत तेवढेच अंतर उतरायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. आवाज जितका मोठा, तितके कण अधिक, असे २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांना आढळले. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात समूहगानाच्या एका सरावाला ६१ जण होते. त्यांपैकी ५३ जण आजारी पडले; ३३ जणांची करोनाची लागण चाचणीने सिद्ध झाली.

वाचा-उपचार, म्हणजेच स्पीच थेरपी, करणाऱ्यांपुढे यातून मोठाच पेच उभा राहिला. कमी ऐकू येणारे मूल ओठांच्या हालचाली पाहून शिकते. उपचारतज्ज्ञ त्याच्या अगदी जवळ बसून उच्चार पुन्हा पुन्हा करून दाखवतात. मुखपट्टी लावली की ओठ झाकले जातात. शिवाय २००० ते ७००० हर्ट्झ या पट्ट्यातील आवाज साध्या वैद्यकीय मुखपट्टीने ३ ते ४ डेसिबेल, तर एन-९५ मुखपट्टीने सुमारे १२ डेसिबेल कमी होतो. 'स', 'श' ओळखण्यासाठी नेमका हाच पट्टा महत्त्वाचा असतो. चेहऱ्यावरील पारदर्शक ढालीतून ओठ दिसतात, पण हवेत तरंगणारे कण तिच्या कडांवरून आत-बाहेर जातात. उपचार थांबवावेत, तर भाषा शिकण्याच्या वयातील मोलाचे महिने वाया जातात.

यातून वाट काढताना तोंडाइतकाच खोलीतील हवेचाही विचार करावा लागतो. 'प'सारखा स्फोटक वर्ण उच्चारताना हवेचा झोत समोर जातो. म्हणून समोरासमोर बसण्याऐवजी दोघांनी मोठ्या आरशाकडे तोंड करून शेजारी बसावे. आरसा वाचा-उपचारात पूर्वीपासून वापरला जातोच. त्यात ओठ दिसतात आणि थेट झोत एकमेकांच्या तोंडावर येत नाही. आरसा व खेळणी प्रत्येक मुलानंतर पुसावीत. मात्र तरंगणाऱ्या कणांसाठी ताजी हवाच हवी.

खोलीच्या आकारमानाइतकी ताजी हवा एकदा आत आली, तरी नवी-जुनी मिसळल्यामुळे सुमारे ३७ टक्के जुनी हवा उरते. असे तीन वेळा झाले की ५ टक्के उरते. तासाला सहा हवाबदल होत असतील, तर यास अर्धा तास लागतो. बारा होत असतील, तर पाव तास. दोन मुलांच्या वेळांमध्ये किती अंतर ठेवावे, हे यावरून ठरवता येते. छताचा पंखा हवा ढवळतो. खिडक्या बंद असतील तर तो ताजी हवा आणत नाही.

भाट्यासारख्या गावी दुपारी समुद्रावरून वारा येतो. पश्चिमेची खिडकी आणि समोरचे दार उघडले की हवा चांगली खेळते. पण त्याच खिडकीतून लाटांचा सळसळाट येतो आणि त्यात 'स' हरवतो. आवाज चढवावा, तर कण वाढतात! म्हणून 'स', 'श'चा सराव खिडकी ओढून थोडाच वेळ, हळू आवाजात घ्यावा आणि लगेच खिडकी उघडावी. 'प', 'म' यांचा सराव उघड्या खिडकीतही चालतो.

करोनाची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपली. क्षयरोग, गोवर व फ्लू मात्र आजही हवेतून पसरतात. त्यामुळे ही काळजी शाळेतील भाषेच्या तासालाही लागू आहे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. कागदाची अरुंद पट्टी तोंडासमोर लोंबती धरून 'प', 'फ', 'ब', 'म' म्हणा. 'फ'ला ती सर्वांत जास्त हलेल, 'म'ला जवळजवळ स्थिर राहील. कारण मुलांनाच शोधू द्या. 'म' म्हणताना नाक चिमटीत धरायला सांगितले, की बहुतेकांना ते सापडेल.