९९०० लिहिलेला सेल आणि काकांची बंद पडलेली बॅटरी

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित अवतार. बोलताना जे 'म्हणजे', 'तर', 'बरं का' येतात, ते थोडे कमी केलेत. बाकी गप्पा त्याच.

आजचा विषय टॉर्चच्या लिथियम सेलचा. आमच्याकडे यवतमाळात टॉर्चलाच 'बॅटरी' म्हणतात, त्यामुळे आधीच ठरवून घेऊ: हातात धरतो ती बॅटरी, आत घालतो तो सेल. नाहीतर पुढे सगळा घोळ होईल.

हा विषय का काढला? कारण मी त्यात तोंडावर पडलोय.

आमचं गाव राळेगाव तालुक्यातलं. शेतीची थ्री फेज लाइन पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याचं ओलीत करायला रात्री एकलाच माणूस वावरात जातो. शिवाय रानडुकरं आणि रोही पीक खातात म्हणून जागल असतेच. बांधावर घोणस आणि मण्यारची भीती वेगळी. आणि वाघ? पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ वाघिणीच्या काळात काय झालं ते सगळ्यांना आठवतं. १३ माणसांचे बळी तिच्या नावावर सांगितले गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घालण्यात आली. तेव्हापासून आमच्याकडे चांगली बॅटरी ही हौसेची वस्तू राहिलेली नाही.

तर मागच्या हिवाळ्यात गावातल्या १५ जणांनी माझ्याकडे पैसे दिले. "तू मोबाईलवर पाहतोस नं, चांगले सेल मागव." मी एकदम ३० सेल मागवले. वेष्टनावर मोठ्या अक्षरात '९९०० एमएएच'. दर इतका कमी की मला वाटलं, मी लय हुशार आहे राजेहो!

चार दिवसांनी काका रात्री एक वाजता वावरात होते. पाणी दुसऱ्या सरीत वळवत होते आणि बॅटरी मंद होत होत बंद पडली. संध्याकाळी फुल चार्ज केलेली, जेमतेम तासभर चालली. बाजूच्या तुरीत काहीतरी घुरघुरत होतं. काका मोबाईलच्या उजेडात घरी आले, मोबाईलमध्ये ६ टक्के चार्जिंग होतं. सकाळी मला काही बोलले नाहीत. सेल फक्त ओट्यावर आणून ठेवला. ते जास्त लागलं.

आधी आकडे समजून घेऊ

आपल्या रिचार्जेबल टॉर्चमध्ये बहुतेक वेळा जो सेल असतो त्याला १८६५० म्हणतात. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळीसारखा आकार. व्होल्टेज ३.६ किंवा ३.७ लिहिलेलं असतं, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ होतं. लिथियम-आयन सेल बाजारात पहिल्यांदा आणला सोनी कंपनीने, १९९१ मध्ये. या शोधासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळालं.

एमएएच म्हणजे सेलची टाकी किती मोठी. ३००० एमएएचचा सेल आणि १ अँपिअर ओढणारी बॅटरी असेल, तर ढोबळमानाने ३ तास उजेड. साधा भागाकार आहे.

आता मुख्य गोष्ट. जगातल्या नावाजलेल्या कंपन्यांचा १८६५० सेल साधारण ३५०० एमएएचच्या आसपास थांबतो. एवढ्याशा नळीत त्याहून फार जास्त मावतच नाही. मग ९९०० कुठून आला? वेष्टन छापणाऱ्याच्या मनातून! म्हणजे आकडा जितका मोठा, तितकी शंका मोठी.

तीन तपासण्या, कुणालाही जमतील अशा

पहिली, वजन. चांगला १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. मी आमचे सेल पांढरकवड्याला सोनाराच्या काट्यावर ठेवले. सोनार हसला, पण मोजून दिलं: ३३ ग्रॅम. नकली सेलमध्ये कधी कधी आत छोटा सेल आणि उरलेल्या जागेत भुकटी भरलेली सापडते. अर्थात वजन बरोबर आलं म्हणजे सेल चांगलाच, असं नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढून नवीन वेष्टन चढवलेला सेलही वजनाला बरोबर भरतो.

दुसरी, क्षमता. सेल पूर्ण चार्ज करून परत रिकामा करणारे आणि किती एमएएच निघाले ते दाखवणारे चार्जर मिळतात. गावात एकाने घेतला तरी सगळ्यांचं भागतं. आमचे ९९०० वाले ११०० च्या आसपास निघाले.

तिसरी, नोंदणी. भारतात असे सेल विकायला बीआयएसची सक्तीची नोंदणी लागते. मानक आहे आयएस १६०४६, आणि मालावर 'आर' ने सुरू होणारा नंबर असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाका, कोणत्या कंपनीचा आहे ते दिसतं. नंबरच नसेल किंवा भलत्याच कंपनीचा निघाला, तर पुढे बोलूच नका.

मग ब्रँड कोणता?

इथे दोन प्रकारची नावं असतात. एक, सेल खरंच बनवणारे: पॅनासोनिक, सॅमसंग, एलजी, मुराटा (सोनीचा बॅटरीचा धंदा २०१७ मध्ये यांनी घेतला), तैवानची मॉलिसेल. दुसरे, टॉर्च विकणारे, जसे फेनिक्स किंवा नाइटकोर. हे तयार सेल घेतात, त्यावर सुरक्षेचं छोटं सर्किट बसवतात आणि आपलं वेष्टन चढवतात.

बनवणाऱ्यांमध्येही एकच एक 'बेस्ट' नाही. सॅमसंगचा ३५ई आणि एलजीचा एमजे१ साधारण ३५०० एमएएचचे, म्हणजे उजेड जास्त वेळ. सॅमसंगचा ३०क्यू ३००० चा आणि मॉलिसेलचा पी२८ए २८०० चा, पण हे एका दमात जास्त करंट देऊ शकतात. म्हणजे लांब झोत मारणारी, पटकन गरम होणारी दणकट बॅटरी असेल तर हे. रात्रभर मध्यम उजेड हवा असेल, तर जास्त एमएएचवाले. आपल्या ओलिताच्या कामाला दुसराच प्रकार बरा.

आता एक गोष्ट नीट ऐका. या मोठ्या कंपन्या स्वतःच सांगतात की सुटे, उघडे सेल सामान्य ग्राहकाने वापरण्यासाठी नाहीत. त्यात सुरक्षा सर्किट नसतं. शॉर्ट झालं किंवा नको तितका रिकामा झाला तर थांबवणारं कुणी नाही. म्हणून टॉर्चसाठी 'प्रोटेक्टेड' सेल घ्या. फक्त तो सर्किटमुळे थोडा लांब, ६८ ते ७० मिलिमीटर होतो. तुमच्या बॅटरीत बसतो का, आधी एक घालून पाहा. आमच्या गावातल्या तीन बॅटऱ्यांत तो बसलाच नाही!

आणखी एक प्रकार आहे, एलएफपी, ३.२ व्होल्टचा. टाकी छोटी, पण उष्णता जास्त सोसतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पण त्याचा चार्जर वेगळा. ४.२ व्होल्टच्या चार्जरमध्ये तो घालायचा नाही.

घाऊक घेताना

दुसऱ्यांदा मी असं केलं. आधी फक्त ४ सेल मागवले. वजन केलं, क्षमता पाहिली, आठवडाभर काकांच्याच बॅटरीत वापरले. मग उरलेले, त्याच दुकानदाराकडून, जीएसटीच्या पक्क्या बिलावर, सगळे एकाच बॅचचे. आल्यावर त्यातले ५ अचानक उचलून परत तपासले. ४७-४८ ग्रॅम, ३२०० च्या वर. तेव्हा कुठे वाटले.

आणि गरजेपेक्षा जास्त घेऊ नका. सेल ठेवल्या ठेवल्यासुद्धा म्हातारा होतो. ठेवायचेच असतील तर अर्धे चार्ज करून, थंड जागी. टिनाच्या छपराखाली, मे महिन्यात, नाही. हे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. चार्जिंग रात्री किंवा सकाळी, माणूस जागा असताना.

खिशात किल्ल्या आणि नाण्यांसोबत सुटा सेल ठेवू नका, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. दोन सेलची बॅटरी असेल तर दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच वयाचे, जोडीनेच वापरा. वेष्टन फाटलं, पोचा आला, चार्जिंगला फार गरम झाला, तर मोह सोडा. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. उकिरड्यावर किंवा चुलीत कधीच नाही.

पहिल्या ३० सेलचे पैसे मी सगळ्यांना परत केले, दोन हप्त्यांत. विकणाऱ्याने फोन उचलला नाही. महाग पडलं, पण १५ माणसं माझ्या शब्दावर अंधारात गेली होती, त्याचा हिशेब कोणत्या काट्यावर करायचा?

काका आता ओलिताला जाताना दोन सेल नेतात, एक बॅटरीत, एक डबीत. परवा म्हणाले, "हे बॅटरी बरी आहे रे. पण लाइन दिवसा दिली असती, तर लागलीच नसती."

यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तुमच्या घरातून कुणी रात्री वावरात जात असेल, तर आज त्यांच्या बॅटरीतला सेल काढून त्यावरचा आकडा वाचा. चार हजारांच्या वर असेल, तर उद्याच सोनाराकडे जा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.