कुलाब्याच्या अफगाण चर्चचं सागवानी छत

बिदरच्या किल्ल्यातल्या रंगीन महालात अली बरीदशाहाच्या काळातले कोरीव लाकडी खांब ज्यांनी डोळे भरून पाहिलेत, त्यांनी मुंबईला गेल्यावर कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये अवश्य जावं आणि आत शिरताच मान वर करावी. दगडी कमानींवर उंच चढलेलं ते सागवानी छत!

सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट हे या अँग्लिकन चर्चचं खरं नाव. १८३८ ते १८४२ च्या पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ ते उभारलं. काबूलहून माघार घेताना बर्फात जे संपले, त्यांत हिंदी शिपाई आणि फौजेसोबतचे नोकरचाकर फार मोठ्या संख्येनं होते. चर्च पाहताना ही आठवण ठेवायलाच हवी.

पायाभरणी १८४७ ची. वास्तुरचनाकार हेन्री कॉनीबेअर. मुंबईला पाणी देणाऱ्या विहार तलावाची योजनाही त्यांचीच. इंग्लंडात तेव्हा मध्ययुगीन गॉथिक शैली पुन्हा जोरात होती. तिची टोकदार कमान इथे पिवळसर दगडात उतरली. वेदीमागची सजावट आणि फरशांची नक्षी विल्यम बटरफिल्ड यांची, तर रंगीत काचा विल्यम वेल्स यांच्या. पश्चिमेच्या खिडक्यांतून दुपारचं ऊन आलं, की त्या काचा सर्वांत सुंदर दिसतात.

१८५८ मध्ये चर्च उपासनेसाठी खुलं झालं तेव्हा मनोरा अपुराच होता. तो १८६५ मध्ये पूर्ण झाला, त्याला पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीचाही हातभार लागला. सुमारे ६० मीटर उंचीचा हा सुळका बंदरात शिरणाऱ्या जहाजांना लांबून दिसे.