मशीद बंदर ते मुळजी जेठा : पूर्ण्याच्या गोदामवाल्यांनी पायी पाहावा असा बाजार

पूर्णा, काल्हेर, राहनाळ या पट्ट्यात एकेकाळी भातशेती होती. आज तेथे गोदामांच्या रांगा आहेत. ही गोदामे येथे का आली, याचे उत्तर मुंबईच्या जुन्या बाजारात मिळते. तेथे जागा महाग, गल्ल्या अरुंद आणि शहरात शिरणाऱ्या मालावर महापालिकेची जकात. म्हणून व्यापाऱ्याने पेढी मुंबईत ठेवली आणि माल जकात नाक्याबाहेर भिवंडीत आणून टाकला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि जकात गेली. म्हणजे ज्या कारणांनी आपल्या गावाला भाडे मिळू लागले, त्यांतले एक मोठे कारण आता उरलेले नाही. अशा वेळी आपल्या तरुण व्यापाऱ्यांनी एक सकाळ काढून तो बाजार पायी पाहणे अगत्याचे आहे. आम्ही केलेल्या फेरीची माहिती येथे देत आहोत.

नावातच व्यापार

ठाण्याहून लोकलने मशीद स्टेशनला उतरावे. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, ती याच वाटेने. मशीद हे नाव मुसलमानांच्या मशिदीवरून पडले, असे आपल्यातील पुष्कळांना वाटते. वस्तुतः ते पडले सॅम्युएल स्ट्रीटवरील यहुद्यांच्या प्रार्थनास्थळावरून. कोकणातून आलेल्या मराठी भाषक बेने इस्राएल समाजाचे सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते १७९६ मध्ये बांधले. बाजूच्या वस्तीचे नाव मांडवी. मांडवी म्हणजे जकात वसूल करण्याचे ठाणे! ज्या करामुळे माल पूर्ण्यात आला, त्याची आठवण या नावात अजून शिल्लक आहे.

मसाले, सुका मेवा, किराणा यांची दुकाने येथे एकमेकांना खेटून आहेत. हातगाडी आणि हमाल यांच्याशिवाय माल हलत नाही. दुकानात मात्र नमुन्यापुरताच माल दिसतो. सौदा येथे होतो, पोती दुसरीकडून सुटतात.

याच भागाने मोठा घावही सोसला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. त्यात सुमारे १४०० टन स्फोटके आणि कापसाच्या हजारो गाठी एकत्र भरल्या होत्या. शेकडो माणसे मेली आणि आसपासची गोदामे जळून गेली. भिवंडी तालुक्यात रसायनांच्या गोदामांना लागलेल्या आगी आपण पाहिल्या आहेत. गाळा भाड्याने देताना आत काय भरले जाणार, हे न विचारणाऱ्या मालकांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी.

घाऊक गेले, बाजार राहिला

तेथून क्रॉफर्ड मार्केट चालत थोड्या अंतरावर आहे. पहिले महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव मिळालेली ही मंडई १८६९ मध्ये पुरी झाली. आता तिचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. विल्यम इमर्सन यांनी आराखडा केला आणि दर्शनी भागावरील शेतकऱ्यांची शिल्पे लॉकवुड किपलिंग यांची. येथील फळांचा घाऊक व्यापार १९९६ मध्ये नवी मुंबईत गेला. पण गाळेवाल्यांनी कुलपे लावली नाहीत. ते किरकोळीकडे वळले आणि गिऱ्हाईक टिकले.

समोरच्या शेख मेमन स्ट्रीटवर जुम्मा मशीद आहे. १७७५ मध्ये सुरू झालेले बांधकाम १८०२ मध्ये पुरे झाले. मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. 'जहाज-ए-आखिरत' या शब्दांतून तिचे हिजरी साल १२१७ निघते. १८३७ मध्ये मोहम्मद अली रोगे या कोकणी व्यापाऱ्याने वरचा मजला चढवला. दर्यावर्दी कोकणी मुसलमानांनी त्या काळी केवढा कारोबार उभा केला होता, हे तेथे उभे राहिल्यावर कळते.

पुढे मंगलदास मार्केट आणि १८७४ चे मुळजी जेठा मार्केट ही कापडाची ठिकाणे. भिवंडीच्या मागवाल्यांना यांची ओळख करून देण्याची गरज नाही. सूत व्यापाऱ्याचे, माग आपले आणि हातात मजुरी, हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कापड विणले भिवंडीने, भाव ठरवला काळबादेवीने.

घेण्यासारखे काय?

जकात गेली तरी पूर्ण्याची गोदामे ओस पडली नाहीत. जीएसटीनंतर मोठ्या कंपन्यांनी विखुरलेला माल मोठ्या गोदामांत एकत्र केला आणि भिवंडीचे काम वाढले. परंतु या कंपन्यांना पूर्ण्याशी लागेबांधे नाहीत. रस्ता बरा आणि भाडे कमी जेथे मिळेल, तेथे त्या उद्या जातील. फळांचा घाऊक व्यापार हलला तसा हाही हलू शकतो.

त्या दिवशी क्रॉफर्ड मार्केटच्या गाळेवाल्याकडे धंद्याची माहिती आणि गिऱ्हाइकांची ओळख असते. केवळ भाडे घेणाऱ्याकडे रिकामी शेड उरते. म्हणून गोदामाच्या जागेबरोबर मालाची एजन्सी, पॅकिंग, वाहतूक, हिशेब ही कामेही आपल्या मुलांनी हाती घ्यावीत. माग असूनही भाव आपल्या हाती राहिला नाही. गोदामांच्या बाबतीत तीच चूक पुन्हा होऊ नये.

फेरीसाठी अर्धा दिवस पुरतो. रविवारी घाऊक बाजार बंद असतो, म्हणून कामाचा दिवस निवडावा. परतीची गाडी सीएसएमटीवरून पकडावी. १८८८ मध्ये पुरी झालेली ती इमारत २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे.