हत्यारांचे रेखाटन

वसईच्या परिसराला कारागिरी नवी नाही. आगाशी बंदर सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी नावाजलेले होते. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव येथील मच्छीमारांच्या लाकडी होड्या सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या घडविल्या. रेल्वेमार्गाच्या पूर्वेस गोखिवरे, वालीव, सातिवली या भागांत आता लहानमोठे कारखाने उभे आहेत. तेव्हा करवत, रंधा, पटाशी, कानस, पाना ही हत्यारे येथील मुलांच्या नित्य दृष्टीस पडतात. तथापि एखाद्या मुलास हातोड्याचे चित्र काढण्यास सांगितले, तर एका काठीवर आडवा ठोकळा ठेवून तो बहुधा मोकळा होतो!

पट्टी व कंपास यांचे साहाय्य न घेता, केवळ डोळा आणि हात यांच्या आधाराने काढलेल्या आकृतीस मुक्तहस्त रेखाटन म्हणतात. त्याचा आरंभ हत्यार हाती घेऊनच व्हावा. ते उलटसुलट करून पाहावे, त्याचा तोल अजमावावा आणि मगच ते मेजावर ठेवून कागदाकडे वळावे. प्रथम दांड्याच्या मध्यातून जाणारी एक फिकी रेषा काढावी. तीवर काटकोनात डोक्याची रेषा यावी. नंतर प्रमाण ठरवावे. हात ताठ करून, एक डोळा मिटून, डोक्याची लांबी पेन्सिलीवर अंगठ्याने धरावी आणि ती दांड्यात किती वेळा बसते ते मोजावे. प्रमाण साधले, की बाह्यरेषा ठळक करावी. चुकलेली फिकी रेषा खोडण्याची घाई करू नये. नवी रेषा कोठे हवी, हे तीच दाखविते.

येथवर सारे सोपे आहे. खरी परीक्षा पुढे होते. हातोड्याच्या डोक्यातील भोक सरळ नसते. दोन्ही तोंडांशी ते किंचित रुंद आणि मध्ये अरुंद असते. दांडा आत बसवून वरून पाचर ठोकली, म्हणजे लाकूड फाकते आणि डोके निसटत नाही. हे भोक कोणी सरळ काढले आणि लोहाराने त्या चित्राबरहुकूम हातोडा घडविला, तर घाव घालताना डोके उडून जवळच्या माणसाचा डोळा जाऊ शकेल. दांडाही गोल नसून लंबगोल असतो. त्यामुळे तो मुठीत फिरत नाही.

म्हणूनच एका बाजूचे चित्र पुरत नाही. समोरून पाहिल्यास पटाशी ही केवळ एक चपटी पट्टी दिसते. तिची धार एकाच अंगाने उतरती आहे, हे बाजूने पाहिल्यावाचून कळत नाही. करवतीचे दात एकाआड एक डावीउजवीकडे वाकविलेले असतात. त्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पाते लाकडात अडकत नाही. ही गोष्ट धारेकडून पाहिल्यावरच ध्यानी येते. समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन दृश्ये काढण्याची यंत्रचित्रकलेतील रीत याच गरजेतून आली आहे.

या कलेचे एक नामवंत उदाहरण महाराष्ट्रातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यास गेले होते. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना ओळखू येत नसे, म्हणून रंगचित्रे त्यांना सोडावी लागली. परंतु रेषेवर त्यांचे प्रभुत्व होते. ते यंत्रचित्रकलेकडे वळले आणि पुढे १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत तोच विषय शिकवू लागले. लोखंडी नांगर तयार करणारे आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविणारे उद्योजक ते हेच.

शेवटी मापे लिहावीत. येथे मात्र पट्टीची मदत घेण्यास हरकत नाही. मापे मिलिमीटरमध्ये, आकृतीबाहेर, बाणांच्या रेषांनी दाखवावीत. आकृती थोडी वाकडी असली तरी मापे अचूक असल्यास लोहाराचे काम अडत नाही; माप चुकले, तर सुबक आकृतीही त्याच्या उपयोगाची नाही.

दुसऱ्या दिवशी हत्यार झाकून ठेवून तेच रेखाटन विद्यार्थ्यांकडून आठवणीने करून घ्यावे. कोणाचा दांडा लांबलेला असतो, कोणी पाचर विसरलेला असतो. मग हातोडा पुन्हा मेजावर ठेवावा आणि ज्याचे त्याने आपले चित्र त्याच्याशी ताडून पाहावे.